वाढ आणि पर्यावरण यांवरील पुस्तक कसे वाचावे

आर्थिक वाढ, पर्यावरण आणि शाश्वत विकास या तिन्हींवर एकत्र लिहिलेले पुस्तक हाती आले, की पहिल्या पानापासून क्रमाने वाचत जाण्याची घाई करू नये. अशा पुस्तकांचे निष्कर्ष बरेचदा लेखकाने आरंभी धरलेल्या दोन-तीन गृहीतकांतच ठरून गेलेले असतात, आणि ती गृहीतके प्रस्तावनेपेक्षा तळटीपांत, परिशिष्टांत किंवा तक्त्यांखालच्या बारीक अक्षरांत सापडण्याचा संभव अधिक असतो. ती आधी शोधावीत आणि मग युक्तिवादाकडे वळावे.

वाढ कशाने मोजली आहे, हे प्रथम पाहावे. सकल देशांतर्गत उत्पादनात तोडलेल्या जंगलाचे लाकूड मिळकत म्हणून जमा होते, पण नाहीसे झालेले जंगल कुठेच वजा होत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीचा पाया घालणारे सायमन कुझनेट्स यांनीच 1934 मध्ये अमेरिकी काँग्रेससाठी केलेल्या अहवालात, या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधता येत नाही, असे बजावले होते. लेखक हा इशारा एकदा नोंदवून पुढे सर्वत्र तोच आकडा वापरत असेल, तर समासात खूण करावी.

शाश्वत विकासाची, संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने 1987 मध्ये केलेली व्याख्या, म्हणजे भावी पिढ्यांच्या क्षमतेला बाधा न आणता वर्तमानाच्या गरजा भागवणे, या विषयावरचे जवळजवळ प्रत्येक पुस्तक उद्धृत करते. पुढच्या पिढीच्या हाती नेमके काय सोपवायचे, हे मात्र त्या व्याख्येतून ठरत नाही. यंत्रे, पैसा आणि निसर्ग मिळून एकूण भांडवल टिकले की पुरे, असे काही अर्थशास्त्रज्ञ मानतात; निसर्गाच्या काही घटकांना पर्यायच नाही, असे इतरांचे म्हणणे आहे. लेखक कोणत्या पक्षाचा आहे हे कळत नसेल, तर त्याचे म्हणणे प्रशांत महासागरातील नाऊरू या बेट-देशाला लावून पाहावे. तेथील फॉस्फेट खणून विकले गेले, आलेला पैसा न्यासात गुंतवला गेला, त्यातील बराचसा बुडाला आणि बेटाचा मधला भाग उजाड राहिला. हा दोष केवळ गुंतवणुकीचा होता, की मुळात त्या अदलाबदलीचाच?

उत्पन्न वाढले की प्रदूषण आधी वाढते आणि मग उतरते, असा आलेख दिसल्यास तो कोणत्या प्रदूषकाचा आहे ते तपासावे. गंधकाच्या डायऑक्साइडसारख्या, लगतच्या लोकांना जाचणाऱ्या वायूबाबत असा उतार अनेक ठिकाणी दिसला आहे. कार्बन डायऑक्साइडला तोच नियम सरसकट लावणे धाडसाचे ठरते. देशाचे उत्सर्जन घटले म्हणताना आयात मालामागचे उत्सर्जन धरले आहे का, हेही पाहावे. शिवाय अर्थव्यवस्था वर्षाला 3 टक्क्यांनी वाढत असताना उत्पादनाच्या प्रत्येक एककामागचे उत्सर्जन 2 टक्क्यांनी घटले, तरी एकूण उत्सर्जन सुमारे 1 टक्क्याने वाढतच राहते. कार्यक्षमतेचे गोडवे गाणाऱ्या प्रकरणांत हा हिशेब सहज निसटतो.

सर्वाधिक वेळ वटावाच्या दरावर द्यावा, कारण भविष्यातील हानीला आज किती मोल द्यायचे ते तोच ठरवतो. शंभर वर्षांनी होणाऱ्या 1000 रुपयांच्या हानीचे आजचे मूल्य 1.4 टक्के दराने सुमारे 249 रुपये येते, तर 5 टक्के दराने 8 रुपयांहूनही कमी. अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न यांनी हवामानबदलावरील 2006 च्या अहवालात जवळपास पहिला दर धरून उत्सर्जनात तातडीच्या मोठ्या कपातीची शिफारस केली. बराच वरचा दर धरणारे अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांच्या गणितातून कपात हळूहळू वाढवत नेण्याचा मार्ग निघाला. दोघांच्या हवामानविषयक समजुतीत फार अंतर नव्हते. हा दर पुस्तकात कुठेच दिलेला नसेल, तर त्यातील खर्च-लाभाच्या तक्त्यांवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाकिते वाचताना कालखंड तपासावा. 1980 मध्ये जीवशास्त्रज्ञ पॉल अर्लिक आणि अर्थशास्त्रज्ञ ज्युलियन सायमन यांनी पाच धातूंच्या किमतींवर दहा वर्षांची पैज लावली; किमती चढतील असे अर्लिक यांचे म्हणणे होते, उतरतील असे सायमन यांचे. महागाई वजा जाता किमती उतरल्या आणि सायमन जिंकले. संसाधने कधीच अपुरी पडत नाहीत, याचा पुरावा म्हणून ही पैज पुस्तकात आली, तर एखादे वेगळे दशक निवडले असते तर निकाल काय लागला असता, हे लेखकाने सांगितले आहे का ते शोधावे.