हालेआकालाचा डोंगर पाहायला जाताना

हवाई बेटांपैकी माउई बेटावरील हालेआकाला राष्ट्रीय उद्यानात सूर्योदय पाहायचा असेल, तर पहाटे ३ ते ७ या वेळेत वाहनाने शिखराकडे जाण्यासाठी ऑनलाइन आरक्षण अगोदरच करून ठेवावे लागते. शिखर ३,०५५ मीटर उंच असून समुद्रकिनाऱ्यावरून गाडीने दोनेक तासांत तिथे पोहोचता येत असल्यामुळे शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून वर गेल्यावर सावकाश चालावे आणि पाणी पीत राहावे. पहाटे तापमान शून्याखालीही उतरते, तेव्हा हवाईला निघताना स्वेटर आणि कानटोपी बरोबर घ्यावीच. उद्यानात खाद्यपदार्थ किंवा पेट्रोल विकत मिळत नाही.

ज्याला सर्वजण ज्वालामुखीचे विवर म्हणतात, ती खरे तर मुख्यतः पाण्याने झिजून तयार झालेली दरी आहे, आणि नंतरच्या उद्रेकांतून उभ्या राहिलेल्या तांबूस राखेच्या टेकड्या तिच्या तळाशी दिसतात. स्लायडिंग सँड्स वाटेने तिच्यात उतरणे सोपे वाटते, पण परतीच्या चढाला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरावा.

वाटेत रुपेरी लव असलेल्या पानांचा, चेंडूसारखा गोल 'आहिनाहिना' भेटेल. हे झुडूप कित्येक वर्षे वाढते, एकदाच फुलते आणि मरते. त्याची मुळे जमिनीलगत पसरलेली असल्याने आसपास पाऊल पडले तरी ती चिरडतात. त्यामुळे छायाचित्रासाठीसुद्धा आखलेली वाट कृपया सोडू नये.