तिरक्या फरशीवर केलेला सेटअप

फॉर्म्युला स्टुडंट म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः रेसगाडी बनवून उतरायची स्पर्धा. तिच्या टीममध्ये आलेला प्रत्येक नवखा पहिल्या आठवड्यात विचारतो, "आपली गाडी पन्नास-पन्नास आहे का?" म्हणजे वजन पुढे-मागे निम्मं-निम्मं आहे का. मीही विचारलं होतं. सस्पेन्शन अंगावर पडल्यावर कळलं, उभ्या गाडीचं वजन कुठे आहे यापेक्षा वळताना ते कुठे जातं हे आधी बघायचं.

समजा, ड्रायव्हरसकट गाडी ३०० किलो, प्रत्येक टायरवर ७५. गुरुत्वमध्य जमिनीपासून ३० सेंटीमीटर, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १२० सेंटीमीटर. १.२ जीने (गुरुत्वाकर्षणाच्या १.२ पट त्वरणाने) वळलात की आतल्या चाकांवरचे ९० किलो बाहेरच्यांवर जातात. पुढे-मागे सारखे वाटले गेले तर बाहेरच्या टायरवर १२०, आतल्यावर ३०. बेरीज तीच, पकड मात्र तेवढी राहत नाही. भार दुप्पट झाला तरी टायरची पकड दुप्पट होत नाही, म्हणून बाहेरचा टायर कमावतो त्याहून जास्त आतला गमावतो. सगळी मेख इथे आहे.

हे ९० किलो स्प्रिंग किंवा अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारा दांडा) बदलून कमी होत नाहीत (आमची निम्मी भांडणं यावरूनच). त्यासाठी गाडी बुटकी किंवा रुंद करावी लागते. बारने फक्त पुढे किती आणि मागे किती ते ठरतं. मागचा बार कडक केला की मागची पकड घटते आणि शेपूट सुटायला लागते, म्हणजे मागची चाकं बाहेर घसरतात.

कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत या स्पर्धेला जायच्या आधी आमचा स्किडपॅड या वळणाच्या चाचणीचा सराव चालू होता. इंग्रजी आठाचा आकडा, आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर. उजवीकडे शेपूट सुटायची, डावीकडे नाक वळायलाच तयार नाही. दोन दिवस टायरच्या हवेशी खेळलो. शेवटी पाण्याची लेव्हल ट्यूब लावली, तर शेडची फरशीच तिरकी! चाकांखालचे चारही वजनकाटे वेगवेगळ्या पातळीवर, म्हणजे त्यावर जुळवलेले कॉर्नर वेट (प्रत्येक चाकावरचा भार) खोटे. प्रत्यक्षात पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक जास्त भार घेत होतं. त्यामुळे डाव्या वळणावर पुढच्या दोन टायरांमधली तफावत आणखी वाढायची, उजव्या वळणावर मागच्या. जिथे तफावत वाढायची, तिथली पकड घटायची.

तेव्हा काट्यांखाली पत्र्याच्या चकत्या घालून आधी पातळी जुळवा. बारची लिंक सोडा, हवा तपासा. पुशरॉडला (चाकाचा भार स्प्रिंगकडे नेणाऱ्या दांडीला) आटा दिला की दर वेळी गाडी ढकलून खाली घ्या आणि पुन्हा काट्यांवर चढवा, नाहीतर सस्पेन्शन अडकून बसतं. आणि ड्रायव्हर सीटवर हवाच. तो कंटाळला तर त्याच्या वजनाची वाळूची पोती ठेवा, पण सगळी सीटवर रचू नका. दोन-तीन लहान पोती पेडलच्या बाजूला, पाय येतात तिथेही.