फाउंड्रीतली वाळू फेकू नका, फिरवा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या छोट्या फाउंड्रीवाल्यांसाठी, म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतणाऱ्यांसाठी लिहितोय. सर्क्युलर इकॉनॉमी, म्हणजे टाकाऊ माल पुन्हा वापरात आणणं, हे मोठ्या कंपन्यांचं काम असं वाटतं, पण आपल्याकडं सुरुवात नॉकआउटच्या, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढल्यावर उरलेल्या वाळूपासूनच होते.

पहिलं म्हणजे वाळूचे ढीग प्रकाराप्रमाणं वेगळे ठेवा, हे नाही केलं तर पुढचं सगळं फुकट. ग्रीन सँड (ओलसर मातीमिश्रित वाळू) बेंटोनाइट (चिकट माती), कोल डस्ट, पाणी घालून आपण फिरवतोच, खरा प्रश्न रेझिनच्या, म्हणजे चिकट रसायनानं बांधलेल्या वाळूचा. नो-बेकची (न तापवता घट्ट होणाऱ्या रेझिन वाळूची) ढेकळं फोडून, दाण्यावर दाणा घासून, बारीक धूळ ओढून घेतली की बऱ्यापैकी साफ होते, पण शेल (तापवून घट्ट केलेल्या) आणि कोल्ड बॉक्स (गॅस सोडून घट्ट केलेल्या) वाळूला थर्मलच चांगलं, म्हणजे ६००-७०० अंशाला रेझिन जाळून टाकायचं. सिलिकेटनं (रेझिनऐवजी वापरतात ते सोडियम सिलिकेट) बांधलेली वाळू त्यात अजिबात मिसळू देऊ नका, सिलिकेट जळत नाही आणि सगळा लॉट खराब होतो.

थर्मल प्लांट एकट्याला परवडत नाही, म्हणून चार-पाच जण मिळून करा किंवा टनामागं चार्ज देऊन करून घ्या, कोल्हापुरात क्लस्टरचा सामायिक प्लांट झालाय तो याच विचारानं. परत आलेल्या प्रत्येक लॉटचं एलओआय बघाच, म्हणजे जाळल्यावर वजन किती घटतं ते, जास्त असलं की गॅस होतो आणि कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे गॅसची भोकं येतात. सुरुवातीला नवीन वाळूत थोडीच मिसळा, रिजेक्शन बघत बघत वाढवा.

बोरिंगचंही, म्हणजे कास्टिंग मशीनवर कापताना निघणाऱ्या धातूच्या चुऱ्याचंही तसंच, मशीनशॉपशी करारातच ठरवा की चिप्स आपल्याकडंच परत येणार, ग्रेडप्रमाणं वेगळ्या आणि तेल निथळून.