पेनांगच्या धक्क्यावर दुसऱ्यांदा उतरताना

सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझवर आपल्याकडची बरीच कुटुंबे जातात, आणि त्यांतील अनेक जहाजे मलेशियातील पेनांग बेटावर थांबतात. त्यामुळे त्याच बंदरात दुसऱ्यांदा उतरण्याचा योग पुष्कळांना येतो. कधी आई-वडिलांना घेऊन, तर कधी मुलांच्या सुट्टीत. "पेनांग पाहून झाले आहे, आता जहाजावरच आराम करू," असे अशा वेळी म्हणणारे सहप्रवासी मला भेटले आहेत. त्यांना मी आग्रहाने सांगते की पहिल्या खेपेला आपण बहुधा बेटाच्या आतल्या भागात बसने फिरून आलेलो असतो, आणि ज्या शहराच्या दारात जहाज उभे असते ते जॉर्ज टाउन पाहायचे राहूनच गेलेले असते.

माझेही तसेच झाले होते. पहिल्या वेळी आम्ही चार ठिकाणांची ठरावीक सहल घेतली. अर्धा वेळ रांगेत आणि बसमध्ये गेला, आणि संध्याकाळी डेकवर उभी राहिल्यावर समोरची कौलारू छपरे, घड्याळाचा मनोरा आणि मशिदीचा घुमट पाहून चुटपूट लागली. म्हणून दुसऱ्या खेपेची आखणी करताना पहिल्या वेळी काय राहिले ते आधी लिहून काढावे, आणि त्यातले एकच निवडावे. डोंगर आणि मोठे बौद्ध मंदिर राहिले असेल तर तिकडे जावे, शहर राहिले असेल तर पायी शहर पाहावे. पाच-सहा तासांत दोन्ही गाठण्याच्या प्रयत्नात दोन्ही हातचे जाते.

कागदपत्रांची तयारी मुंबईतूनच करावी. भारतीय पासपोर्टधारकाला सिंगापूरचा व्हिसा लागतो, आणि क्रूझ पुन्हा सिंगापूरलाच परत येत असल्याने त्यावर एकाहून अधिक वेळा प्रवेशाची मुभा आहे ना, हे नीट वाचून घ्यावे. मलेशियाच्या प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून पहिल्या वेळच्या अनुभवावर विसंबू नये. काही जहाजांवर पासपोर्ट प्रवासभर जहाजाकडेच ठेवून घेतात, तेव्हा त्याची छायाप्रत आणि जहाजाचे ओळखपत्र खिशात असावे. मोबाइल जहाजावर असताना विमान मोडमध्येच ठेवावा, कारण समुद्रावरील नेटवर्कला तो आपोआप जोडला गेला तर रोमिंगचे बिल फार मोठे येते.

वेळेचा हिशेब उलट्या बाजूने करावा. जहाज सुटण्याची वेळ आणि प्रवाशांनी परतण्याची शेवटची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली दुसरी वेळ धरून तिच्याआधी एक तास धक्क्यावर पोहोचायचे ठरवावे. पेनांग आणि सिंगापूर यांची घड्याळे सारखीच चालतात, पण त्याच फेरीत फुकेत असेल तर तिथले घड्याळ एक तास मागे असते; त्यामुळे मोबाइलवरील वेळेपेक्षा जहाजाने जाहीर केलेली वेळ प्रमाण मानावी.

क्रूझ जहाजे स्वेटनहॅम पिअर या धक्क्याला लागतात आणि बाहेर पडताच टॅक्सीवाले सहलीचे दर सांगू लागतात. त्यांना नम्रपणे नकार देऊन चालत सुटावे. काही मिनिटांतच राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या साठाव्या वर्षानिमित्त एका स्थानिक चिनी धनिकाने उभारलेला घड्याळाचा मनोरा लागतो. साठ वर्षांसाठी साठ फूट अशी त्याची उंची ठेवलेली आहे. शेजारीच फोर्ट कॉर्नवॉलिस आहे. 1786 मध्ये फ्रान्सिस लाइटने ईस्ट इंडिया कंपनीसाठी हे बेट ताब्यात घेतले, ते याच टोकाशी उतरून. आपल्याकडचे जलदुर्ग पाहिलेल्या माणसाला हा किल्ला बुटका वाटेल, म्हणून त्यात फार वेळ घालवू नये असे माझे मत आहे.

वेळ द्यावा तो जालान मस्जिद कपितान केलिंग या रस्त्याला. जुन्या नकाशांत याचेच नाव पिट स्ट्रीट असे आहे; शहरातील अनेक रस्त्यांना अशी दोन नावे असल्याने दोन्ही टिपून ठेवावीत. उत्तरेच्या टोकाशी 1818 मध्ये बांधलेले सेंट जॉर्ज चर्च, पुढे उदबत्त्यांच्या धुरात बुडालेले करुणेच्या देवीचे, म्हणजे क्वान यिनचे चिनी मंदिर, त्यानंतर महामारिअम्मनचे तमिळ देऊळ, आणि मग दक्षिण भारतीय मुसलमान व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्थापलेली कपितान केलिंग मशीद, अशी चार धर्मांची ठिकाणे एका किलोमीटरच्या आत येतात. महामारिअम्मनच्या देवळाची या रस्त्याला पाठ आहे; 1833 च्या या देवळाचे गोपूर आणि प्रवेशद्वार मागच्या क्वीन स्ट्रीटवर आहे, आणि हे ठाऊक नसल्याने पुष्कळ जण मागची भिंत पाहून पुढे जातात. देवळे दुपारी बंद असतात, तर मशिदीत नमाजाच्या वेळी आणि शुक्रवारी दुपारी पाहुण्यांना सोडत नाहीत. म्हणून जहाज सकाळी लागले तर देऊळ आधी घ्यावे, दुपारी लागले तर चर्चपासून सावकाश सुरुवात करून देऊळ संध्याकाळवर टाकावे. खांदे आणि गुडघे झाकणारे सुती कपडे घातले की चारही ठिकाणी अडचण येत नाही.

पेनांग विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंश उत्तरेला आहे आणि दुपारची उष्मा आपल्या कोकणातील मे महिन्याची आठवण करून देते. यावर या शहराने स्वतःच उपाय करून ठेवला आहे. जुन्या दुकान-घरांच्या पुढे सुमारे पाच फूट रुंदीचे छप्पर असलेले ओटे असतात, त्यांना काकी लिमा म्हणतात. ऊन आणि अवचित येणारी सर या दोन्हींपासून ते वाचवतात, मात्र दर दुकानापाशी त्यांची पातळी बदलते, तेव्हा गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांचा हात धरून चालावे. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा जास्त पावसाचा काळ असल्याने तेव्हा छत्री न्यावीच. आर्मेनियन स्ट्रीटवरील 2012 मधील भित्तिचित्रांपाशी छायाचित्रासाठी रांग असते. ती टाळून जवळच्या खू कोंग्सी या 1906 च्या कुलमंदिरात अर्धा तास बसावे. तिथल्या छतावरील कोरीवकामाला तेवढा वेळ हवाच.

शाकाहारी मंडळींनी खाण्याची काळजी करू नये, पण विचारल्याशिवाय खाऊही नये. इथल्या मिरचीच्या चटणीत बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचा गोळा असतो, आसाम लाक्सा माशाच्या रश्शात होते, आणि फळांच्या रोजाकवरही कोळंबीचा दाट रस ओततात, त्यामुळे नुसते "मांस नको" म्हटल्याने भागत नाही. लिटल इंडियात केळीच्या पानावरचे जेवण आणि डोसे सहज मिळतात. नारळाचे दूध, ताडगूळ आणि हिरव्या शेवयांचे चेंडोल बिनधास्त घ्यावे. जायफळाच्या फळाचा रस मात्र चुकवू नये. कंपनीने मोलुक्का बेटांतून रोपे आणून इथे जायफळाच्या बागा लावल्या होत्या, आणि रत्नागिरीकडे जायफळाच्या सालीचे लोणचे खाल्लेल्यांना ही चव लगेच ओळखीची वाटेल.

डोंगरच राहिला असेल तर उतरताच पेनांग हिलकडे निघावे. धक्क्याजवळच्या जेटी बस स्थानकावरून 204 क्रमांकाची बस जाते, पण वेळ मोजका असल्याने ॲपवरची टॅक्सी बरी. 1923 पासून चालणारी इथली दोरखंडाची रेल्वे नव्या डब्यांसह काही मिनिटांत वर नेते, मात्र शनिवार-रविवारी रांग फार लांबते. परतताना केक लोक सी या मोठ्या बौद्ध मंदिरातील सात मजली पॅगोडा जरूर पाहावा. त्याचा पाया चिनी, मधला भाग थाई आणि कळस ब्रह्मी घडणीचा आहे.

शहरात राहिलेल्यांनी शेवटचा तास च्यू जेटीसाठी ठेवावा. समुद्रात खांब रोवून त्यांवर बांधलेल्या या लाकडी घरांत एकाच आडनावाची चिनी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. दारे उघडी असली तरी ती राहती घरे आहेत, म्हणून आत डोकावून छायाचित्रे घेऊ नयेत. फळ्यांच्या वाटेने टोकापर्यंत गेल्यावर फेरीबोटी आणि पलीकडे आपले जहाज दिसते. तिथून धक्का किनाऱ्याच्या रस्त्याने पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहे. सामानाची तपासणी आणि रांग यांसाठी आणखी अर्धा तास हाताशी ठेवून निघावे.