छोट्या स्काउटांना पहिल्यांदा मासे पकडायला नेताना

पहिल्याच दिवशी मोठा मासा मिळावा, हा हट्ट आधी मोठ्यांनी सोडावा. सात-आठ वर्षांच्या मुलाला बोटाएवढ्या माशाचंही अप्रूप असतं. गळाला तासभर काहीच लागलं नाही, तर मात्र ते कंटाळून दगड मारायला लागतं. म्हणून लहान मासे भरपूर असलेलं तळं निवडा. काठ सपाट हवा, काठाशी पाणी उथळ हवं आणि पाठीमागे झाडं नकोत. तिथे मासेमारीला परवाना लागतो का, हे आठवडाभर आधीच विचारून ठेवा. वेळ सकाळची किंवा ऊन उतरल्यानंतरची, फार तर दोन तास.

रीळ लावलेली काठी पहिल्या दिवशी नकोच, निम्मा वेळ गुंता सोडवण्यात जातो. साधी बांबूची काठी, शेंड्याला काठीइतकीच लांब नायलॉनची दोरी, एक तरंगा, छोटंसं वजन आणि बारीक गळ एवढं पुरतं. गळाच्या टोकाजवळ उलटा काटा असतो, तो पकडीने दाबून सपाट करा. एखादा मासा निसटेल, पण माशाच्या तोंडातून (आणि वेळ आलीच तर मुलाच्या बोटातूनही) गळ अलगद निघेल. वजन शिशाचं घेऊ नका. शिसं विषारी असतं आणि मुलं नको तिथे दात लावतात.

गाठीचा सराव घरीच करा. गळाऐवजी किल्लीची कडी आणि दोरीऐवजी सुतळी घ्या. टोक कडीतून ओवा, मूळ सुतळीभोवती पाच वेढे द्या, मग तेच टोक कडीला लागून राहिलेल्या फटीतून काढून ओढा. खऱ्या दोरीची गाठ आवळण्याआधी ओली करा, नाहीतर घासून तापते आणि तिथेच तुटते.

काठावर दोन मुलांमध्ये काठीच्या दुप्पट अंतर ठेवा. अंगात लाईफ जॅकेट, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा. मागे वळून पाहिल्याशिवाय गळ टाकायचा नाही, हा नियम मुलांकडून म्हणवून घ्या. आणि मोठ्यांनी स्वतःची काठी घरीच ठेवावी. तुमचे डोळे मुलावर हवेत.

आमिषाला गांडुळाचा छोटा तुकडाच लावा. अख्खं लावलं, तर मासे लोंबणारं टोक कुरतडून पसार होतात. तरंगा गळापासून दीड-दोन फुटांवर ठेवा.

आता तरंग्याकडे बघत बसायचं. आधी तो नुसता थरथरतो, एकदोनदा बुडी मारून वर येतो. मुलं नेमकी इथेच जोरात हिसका देतात आणि रिकामा गळ डोक्यावरून मागे जातो. थांबायला सांगा. तरंगा तिरका होऊन सरकू लागला किंवा पूर्ण बुडाला, की मनगटाने हलकेच काठी उचलायची.

मासा सोडून देणार असाल, तर हात आधी ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग जडू शकतो. कल्ल्यांना बोट लावू नका. गळ खोल गेला असेल तर ओढाताण न करता दोरी तोंडाजवळ कापा.

निघताना दोरीचे तुकडे वेचा, ते पक्ष्यांच्या पायात अडकतात. गळ मोजूनच डबा बंद करा. एखादा कमी भरला, तर तो सापडेपर्यंत कोणी चप्पल काढायची नाही.