पाय धुणाऱ्या प्रभूचं स्टेन्सिल

नम्रतेचं चित्र म्हटलं की बहुतेक जण जोडलेले हात आणि झुकलेली मान काढतात. मला ते पुरेसं वाटत नाही. ख्रिस्ती नम्रतेत माणूस खाली बसतो तो दुसऱ्यासाठी. योहानाच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय वाचा: प्रभू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो.

भिंतीवरच्या स्टेन्सिलसाठी, म्हणजे आकार कापलेल्या शीटमधून रंग मारून उमटवायच्या चित्रासाठी, एवढंच काढा. दोन हात, एक पाऊल, गंगाळ. चेहरा नको.

आकृती निव्वळ काळ्या-पांढऱ्यात करून जाड कार्डशीटवर उतरवा. काळा भाग कापायचा असतो. पण काळ्याच्या आत अडकलेला पांढरा तुकडा, म्हणजे अंगठ्याचं नख किंवा पाण्यावरची चकाकी, कापताच गळून पडतो. त्याला धरून ठेवणारी अरुंद पट्टी सोडावी लागते. तिला ब्रिज म्हणतात. ब्रिज आधी पेन्सिलीने आखून घ्या, मगच कटर हातात घ्या. बारीक जागा आधी कापा, मोठ्या शेवटी, नाहीतर शीट लुळी पडते. वळणावर कटर न वळवता कागद फिरवा. पातं बोथट झालं की लगेच बदला.

भिंतीच्या मालकाची परवानगी घ्या. न विचारता दुसऱ्याची भिंत रंगवून नम्रता सांगता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

भिंत झाडून शीट चिकटवा, नाका-तोंडाला मास्क लावा. स्प्रे कॅन साधारण 20-25 सेंटिमीटर लांब, भिंतीसमोर सरळ धरा आणि पातळ हात द्या, एकावर एक. जाड थर कडेखाली झिरपतो.

जागा गुडघ्याच्या उंचीवर निवडा. रोमच्या सांत आगोस्तिनो चर्चमध्ये चित्रकार काराव्हाज्जोचं ‘लोरेतोची माता’ हे मरियेचं चित्र आहे. तिच्यापुढे गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळके तळवे थेट पाहणाऱ्याकडे येतात. पॅरिसमध्ये 1981 पासून स्टेन्सिलचे उंदीर काढणाऱ्या ब्लेक ल रा याने 1991 साली याच चित्रावरून लाइपझिगच्या एका भिंतीवर माता आणि बाळ काढलं. पुढे ते पोस्टरांखाली गाडलं गेलं आणि 2012 मध्ये पुन्हा उजेडात आलं. तुमचंही झाकलं जाईल, पुसलं जाईल. जाऊ द्या.

सही करू नका. अर्थात नुसतं नाव लपवणंही पुरेसं नाही. भिंतींवर स्टेन्सिल काढणाऱ्या बँक्सीने ओळख लपवली तरी त्याचं नाव जगभर झालंच. स्टेन्सिलचं खरं देणं मला वेगळं वाटतं: एकच शीट, मारणारे हात कुणाचेही, ठसा तोच. म्हणून पहिला ठसा उमटला की कॅन शेजारच्याला द्या. ज्याने आयुष्यात ब्रश धरला नाही, त्याला आधी. शीट वाळली की सपाट ठेवा आणि जो मागेल त्याला देऊन टाका.