'ने' दिसलं की 'बाय' लावताय? प्रिपोझिशनच्या या चुका टाळा

'टेबलवर' म्हणजे ऑन, 'खोलीत' म्हणजे इन, 'पाच वाजता' म्हणजे अ‍ॅट, इथपर्यंत बहुतेकांचं बरोबर असतं. गडबड होते ती जिथे जागा नाही आणि वेळही नाही तिथे, कारण तिथे आपण मराठी प्रत्यय उचलतो आणि त्याला एक ठरलेला इंग्लिश शब्द चिकटवतो.

सगळ्यात जास्त चुका 'ने'च्या. मराठीत एकच 'ने' किती कामं करतो बघा. राजूने कापलं, चाकूने कापलं, बसने गेलो, थंडीने कुडकुडलो, भुकेने मेला. इंग्लिशमध्ये या प्रत्येकाची वाट वेगळी. 'द केक वॉज कट बाय राजू' बरोबर, पण 'कट बाय नाइफ' नाही, 'कट विथ अ नाइफ', कारण चाकू स्वतः काही करत नाही, तो राजूच्या हातात आहे. थंडीने कुडकुडणं 'शिव्हरिंग विथ कोल्ड', भुकेने मरणं 'डाइड ऑफ हंगर' आणि फॉर्मवर काळ्या शाईने लिहा असं असतं ते 'इन ब्लॅक इंक'. म्हणजे 'ने' आला की आधी विचारायचं, हा करणारा आहे, हातातली वस्तू आहे की कारण आहे?

बस-ट्रेनला बाय चालतं पण त्याला एक अट आहे जी कोणी सांगतच नाही, ती म्हणजे बायनंतर वाहन एकटंच येतं, मध्ये माय, अ, द काही नाही. 'बाय कार' ठीक, 'बाय माय कार' चूक. आपल्या गाडीने गेलात तर 'इन माय कार', बाइकने गेलात तर 'ऑन माय बाइक'.

आता पैशाची गोष्ट, इथे चूक झाली तर खरंच महागात पडतं. भाडं १२,००० आहे आणि घरमालकाचा मेसेज आला, 'रेंट विल इन्क्रीज टू १५,०००', तर वाढ ३,०००ची. पण 'बाय १५,०००' लिहिलं असेल तर नवीन भाडं थेट २७,०००! टू म्हणजे कुठपर्यंत पोचलं, बाय म्हणजे कितीने वाढलं. पगारवाढीच्या मेलमध्ये तर हे दोनदा वाचा.

अ‍ॅट आणि टूमधला फरक पण लक्षात ठेवा. 'थ्रो द बॉल टू हिम' म्हणजे त्याने झेलावा म्हणून टाकला, 'अ‍ॅट हिम' म्हणजे नेम धरून मारला. शाउटचं तसंच, लांबच्या माणसाला ऐकू जावं म्हणून ओरडलात तर टू, रागाने अंगावर ओरडलात तर अ‍ॅट. वाक्य दोन्हीकडे बरोबरच असतं म्हणून चूक कोणी दाखवत नाही, पण ऐकणाऱ्याचा गैरसमज होतो.

'तो माझ्यावर चिडला'चं 'अँग्री ऑन मी' होतं, ते 'अँग्री विथ मी' हवं. 'डॉक्टरशी लग्न झालं'चं 'मॅरिड विथ' होतं, तिथे टू हवं. 'मॅरिड विथ टू चिल्ड्रन' असं कुठे वाचलंत तर ते चूक नाही हां, त्याचा अर्थ लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत. आणि 'वीक इन मॅथ्स' चालतं पण 'गुड' असेल तर अ‍ॅट, याला लॉजिक शोधत बसू नका, सरळ पाठ करा.

अंगठी चांदीची, 'मेड ऑफ सिल्व्हर', कारण चांदी अजून दिसतेय. पनीर मात्र 'मेड फ्रॉम मिल्क', दुधाचं रूपच बदललं ना.

शेवटची चूक ऑफिसच्या मेलमधली, जिथे प्रिपोझिशन नकोच असतं. 'डिस्कस अबाउट द बजेट' नाही, नुसतं 'डिस्कस द बजेट', पण 'डिस्कशन' लिहिलंत तर अबाउट येतं. रिक्वेस्टचंही तेच, 'आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' चूक आणि 'माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' बरोबर.